लेसरची पॉवर उतरली की आधी ट्यूब बदलू नका

तुमचं लेसर कटिंग मशीन ८० वॉटचं, बेड १३०० बाय ९०० मिमीचा, घेऊन दोन वर्षं झाली. पूर्वी ४ मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) ५५ टक्के पॉवर आणि १८ च्या स्पीडला आरपार कापत होता. आता ७५ टक्के देऊन स्पीड १० वर आणला तरी पुढच्या उजव्या कोपऱ्यात तुकडा सुटत नाही. एन्ग्रेव्हिंगही फिकं पडतंय. विक्रेत्याने फोनवरच सांगितलं, "ट्यूब गेली, नवीन टाका." गणपतीच्या मखरांच्या ऑर्डरी घेऊन बसला आहात आणि विचारताय की खरंच ट्यूब, म्हणजे किरण तयार करणारी काचेची नळी, गेली का.

गेली असेलही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं ठामपणे म्हणता येत नाही, आणि फोनवरून तर कुणालाच म्हणता येणार नाही. मी चौदा वर्षं ही मशीनं चालवतोय आणि दुसऱ्यांची दुरुस्तही करतोय. चांगल्या ट्यूबा उगाच काढून टाकलेल्या मी इतक्या पाहिल्यात की आता जीव तुटतो. पहिल्या वर्षी मी स्वतःही एक ट्यूब अशीच काढली. नवीन बसवली, तरी कटिंग तेवढंच. दोष निघाला खालच्या लेन्समध्ये. काढलेली ट्यूब नंतर दुसऱ्या मशीनवर दीड वर्ष चालली.

लेसरची पॉवर तीन ठिकाणी हरवू शकते. ट्यूबमध्ये मुळात तयारच कमी होते, ट्यूबपासून हेडपर्यंतच्या (लेन्स असलेल्या, मालावर फिरणाऱ्या भागापर्यंतच्या) वाटेत गळते, किंवा मालापर्यंत पूर्ण पोहोचते पण नीट एकवटत नाही. तिन्हींचं दिसणं एकच, माल कापत नाही. म्हणून आधी ती कुठे हरवते हे शोधायचं. बहुतेक तपासणीला खर्च नाही, एक रविवार लागतो.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. ट्यूबच्या मागच्या टोकाला जाणाऱ्या लाल जाड वायरमध्ये २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो. मशीन बंद केल्यावरही तिथे काही काळ चार्ज राहतो. मेन स्विच बंद करा, प्लग काढा, थांबा, आणि तरीही त्या टोकाला हात लावू नका. मागचं झाकण उघडं ठेवून फायर करायची वेळ आली तर एकटे करू नका आणि १०.६ मायक्रॉनसाठीचा चष्मा घाला. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो कुठे जातोय हे भाजल्यावरच कळतं.

आता तुमच्या लक्षणांकडे. पुढचा उजवा कोपरा कापत नाही, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळ्यात मोठा धागा तोच आहे. तुमच्या मशीनला ट्यूब मागे, पहिला मिरर मागच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरा गँट्रीच्या, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या आडव्या दांड्याच्या, डाव्या टोकाला आणि तिसरा हेडवर. हेड मागे डावीकडे असताना किरणाचा प्रवास सगळ्यात कमी, पुढे उजवीकडे असताना सगळ्यात जास्त. नुसती ट्यूब म्हातारी झाली असती तर चारही कोपरे जवळपास सारखेच अशक्त झाले असते. लांबचा कोपरा जास्त अशक्त याचा अर्थ किरण वाटेत कुठेतरी घासतोय, म्हणजे आरशांची जुळणी, अलाइनमेंट, हललंय. मोठ्या बेडवर लांब जाताना किरण थोडा पसरतोच, त्यामुळे नव्या मशीनलाही दोन कोपऱ्यांत किंचित फरक असतो. पण अख्खा तुकडा न सुटण्याइतका नसतो.

म्हणजे तुमच्याकडे निदान एक दोष वाटेत आहे. तो एकटाच आहे की सोबत आणखी काही, ते बघू.

पहिलं काम मिलीअँपिअर मीटर, म्हणजे ट्यूबमधून जाणारा करंट दाखवणारा मीटर, बघायचं. मशीनवर काट्याचा मीटर नसेल तर जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, ट्यूबच्या पुढच्या, म्हणजे कमी दाबाच्या टोकाकडून परत येणाऱ्या वायरमध्ये. त्याच्याशिवाय लेसर चालवणं म्हणजे तेलाचा काटा नसलेली गाडी चालवणं. कंट्रोलरवरचे टक्के हा फक्त हुकूम असतो. हुकूम पाळला गेला की नाही ते मीटर सांगतो. १०, ३०, ५० आणि ७० टक्क्यांना टेस्ट फायर देऊन काटा कुठे थांबतो ते लिहा.

काटा पूर्वीइतकाच चढतोय आणि तरी कापत नाही, तर पॉवर सप्लाय आणि कंट्रोलर ठीक आहेत. दोष पाणी, आरसे, लेन्स, फोकस किंवा ट्यूब यांत शोधा. काटा चढतच नसेल किंवा थरथरत असेल तर वळण वेगळं. तेव्हा पॉवर सप्लायवरचं टेस्ट बटण दाबून बघा. त्याने काटा नीट चढला तर सप्लाय चांगला, कंट्रोलरकडून येणारा सिग्नल किंवा सेटिंग बिघडलंय. कुणीतरी कमाल पॉवरची मर्यादा बदललेली असते, किंवा किमान पॉवर कमी ठेवलेली असते आणि कोपऱ्यांवर स्पीड उतरला की मशीन त्या किमानवर येतं. बटणानेही चढला नाही तर भिंतीतला व्होल्टेज मोजा. आपल्याकडे संध्याकाळी १८० पर्यंत उतरतो आणि सप्लाय तिथे दम टाकतो. व्होल्टेज ठीक असेल तर सप्लायवर संशय घ्या. काटा थरथरतोय, मागून चर्रर्र आवाज येतोय, पाऊस पडल्यासारखा उग्र वास येतोय, तर मागच्या टोकाकडून बॉडीला करंट उडतोय. पावसाळ्यात धूळ ओली झाली की हे हमखास होतं. मशीन तिथेच बंद करा आणि अर्थिंग तपासल्याशिवाय चालू करू नका.

मीटरवरची दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. तुम्ही ५५ वरून ७५ वर गेलात. साध्या १६०० मिमी लांबीच्या ८० वॉटच्या ट्यूबला मी रोजच्या कामात २२-२३ मिलीअँपिअरच्या वर नेत नाही. तुमच्या ट्यूबच्या लेबलवर वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण माना. सप्लाय मात्र बऱ्याचदा त्याहून जास्त द्यायला तयार असतो, त्यामुळे ७५ टक्क्यांनाच ट्यूब मर्यादा ओलांडत असेल. आणि मर्यादेच्या वर करंट वाढवला की पॉवर वाढत नाही, एका टप्प्यानंतर उलट घटते. आत उष्णता मात्र वाढते. अलाइनमेंट सुटलेलं असताना टक्के वाढवत नेले की दोष वाटेतला आणि शिक्षा ट्यूबला, असं होतं. आजपासून टक्के खाली आणा. स्पीड कमी ठेवावा लागला तरी चालेल.

आता पाणी, म्हणजे ट्यूब थंड ठेवायला तिच्यातून फिरणारं. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या हवेत निम्मी दुखणी इथूनच निघतात.

ट्यूबमध्ये कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम असं मिश्रण असतं. विजेने नायट्रोजन उत्तेजित होतो, तो आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला देतो आणि त्या रेणूतून किरण निघतो. किरण दिल्यावर रेणू एका खालच्या पायरीवर उरतो. तिथून तो लवकर तळाला आला तरच पुढच्या फेरीला मोकळा. हेलियम त्याला खाली उतरवतो आणि उष्णता काचेच्या भिंतीपर्यंत, म्हणजे पाण्यापर्यंत नेतो. पाणी गरम असेल तर खालच्या पायरीवर गर्दी होते आणि करंट तेवढाच असूनही किरण अशक्त निघतो. हा लेसर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये शोधणारे कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवीधर झाले. नवीन मुलगा कामाला लागला की मी त्याला हे आवर्जून सांगतो. ज्या मशीनवर तो मखर कापतो त्याचं मूळ कुणाच्या डोक्यात होतं हे त्याला माहीत असावं असं मला वाटतं.

तर पाणी १८ ते २२ अंशांत हवं. २५ च्या वर पॉवर उतरायला लागते, ३० च्या वर फरक डोळ्यांना दिसतो आणि ट्यूबचं आयुष्यही झडतं. तुमच्याकडे ट्यूबच्या पाण्यासाठी सीडब्ल्यू-३००० असल्याचं तुम्ही लिहिलंय. विकताना त्याला चिलर म्हणतात, पण त्यात कॉम्प्रेसर नाही. तो रेडिएटर आणि पंखा आहे. खोलीत ३६ अंश असतील तर तो पाणी ३६ च्या खाली आणूच शकत नाही. एप्रिल-मेमध्ये तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमची ८० वॉटची ट्यूब ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यावर चालली असणार. "सकाळी बरं कापतं, दुपारी नाही" असं तुम्ही लिहिलंय, ते याच्याशी जुळतं. खात्री सोपी आहे. टाकीत थर्मामीटर टाका, सकाळी पहिला जॉब आणि दुपारी दोनचा जॉब एकाच सेटिंगला कापा, दोन्ही वेळचं तापमान तुकड्यावर पेनाने लिहा.

कॉम्प्रेसरवाला सीडब्ल्यू-५००० किंवा ५२०० घेतलात तरी एक खोच आहे. तो कारखान्यातून येताना बहुधा स्मार्ट मोडवर असतो. त्या मोडमध्ये तो पाणी खोलीपेक्षा दोनेक अंशच खाली ठेवतो. पैसे खर्चून चिलर आणला आणि उन्हाळ्यात फरक पडला नाही, असं सांगणारे मला दरवर्षी भेटतात. मॅन्युअल बघून तो स्थिर तापमानाच्या मोडवर टाका. मागची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा, एमडीएफची भुकटी तिथे गोधडीसारखी बसते.

आणि मग येतो पावसाळा, म्हणजे नेमका मखरांचा हंगाम. कोकणातल्या एका वर्कशॉपमध्ये मी ऑगस्टमध्ये गेलो होतो. मालक म्हणाला, रात्री ट्यूब चांगली होती, सकाळी मेली. मागचं झाकण उघडलं. ट्यूबच्या पुढच्या टोकाला, जिथून किरण बाहेर पडतो त्या काचेवर, बारीक थेंबांची साय धरली होती. ट्यूबच्या अंगावरून ओघळ येऊन खालच्या आधारापाशी पाणी साचलं होतं. चिलर २० वर लावलेला. खोलीत २९ अंश, दमटपणा ८५ टक्के. अशा हवेत २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. २० अंशांची ट्यूब म्हणजे फ्रीजमधून काढलेली बाटलीच. त्या थेंबांवर किरण मारला की पाणी तो पिऊन टाकतं, आणि काचेवर धूळ असेल तर तिचा डाग जळून कायमचा बसतो. त्याचं नशीब चांगलं, डाग पडला नव्हता. मशीन बंद केलं, पंखा लावून दोन तास सुकू दिलं, पाणी २७ वर नेलं, ट्यूब पुन्हा चालली.

म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी थंड करायचं आणि पावसाळ्यात फार थंड करायचं नाही. एसी खोली असेल तर प्रश्नच मिटतो. २५ अंश आणि ६० टक्के दमटपणाला दव १७ अंशांच्या आसपास धरतं, मग २० चं पाणी बिनधास्त चालतं. एसी नसेल तर दमटपणा दाखवणारं साधं घड्याळ मशीनजवळ टांगा, पाऊस लागला की पाणी २६-२७ वर ठेवा आणि थोडी पॉवर कमी मिळेल ते सोसा. तुमच्या सीडब्ल्यू-३००० चा निदान एवढा गुण आहे की तो ट्यूबवर दव धरू देत नाही.

पाणी कुठलं, हेही बघा. बोअरचं पाणी टाकू नका. त्यातला क्षार काचेच्या आत पांढरा थर धरतो आणि तसं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे करंट पाण्यातून गळू शकतो. डिस्टिल्ड पाणी वापरा आणि दोन-तीन महिन्यांनी बदला. नळीत हिरवट झाक आली असेल तर शेवाळ आहे. ट्यूबच्या पुढच्या टोकाला पाण्यात मोठा बुडबुडा अडकलाय का तेही बघा. असेल तर तिथली काच कोरडी तापते आणि एक दिवस तडकते. पाणी बाहेर जाण्याचं तोंड वर असावं, म्हणजे हवा आपोआप निघून जाते.

आता वाट, म्हणजे आरसे आणि लेन्स.

लेन्स काढा. हेड गार झालेलं असू दे, हात धुतलेले, खाली स्वच्छ कापड. लेन्स कडेने धरा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. समोरून बघून काही कळत नाही. तिरक्या उजेडात चांगली झिंक सेलेनाइड लेन्स स्वच्छ पिवळसर केशरी दिसते. एमडीएफच्या धुराने तिच्यावर चहाच्या कपाला पडतो तसा तपकिरी डाग येतो. तो बहुधा पुसून जातो. मध्यभागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा किंवा पुसूनही न जाणारा पांढुरका ठिपका दिसला तर कोटिंग गेलंय, लेन्स संपली. अशी लेन्स किरण स्वतःच पिते, तापते, तापल्यावर फोकस हलतो आणि सुरुवातीला कापणारा जॉब दहा मिनिटांनी कापेनासा होतो. फुटलेल्या लेन्सला उघड्या हाताने शिवू नका, तिची भुकटी विषारी असते.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि नवा कापसाचा बोळा. एक बोळा एकदाच, एका दिशेने, जोर न देता. शर्टाच्या टोकाने, तोंडाची वाफ देऊन पुसू नका. परत बसवताना फुगीर बाजू वर. ही चूक फार होते. लेन्स उलटी बसली की किरणाचा ठिपका मोठा होतो आणि साफ केल्यावर मशीन आणखी बिघडल्यासारखं वाटतं. कुठली बाजू फुगीर ते बोटाने चाचपू नका. छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब लेन्समध्ये बघा. फुगीर बाजूत ते लहान होऊन दिसतं, सपाट बाजूत जसंच्या तसं.

लेन्स खालच्या बाजूनेच जास्त घाण असेल तर एअर असिस्टकडे, म्हणजे हेडच्या टोकाच्या नोझलमधून मालावर सोडल्या जाणाऱ्या हवेकडे, वळा. हवा कमी पडली की धूर वर चढतो. आणि हवा मोठ्या कॉम्प्रेसरची असेल तर तिच्यातून तेल आणि पाणी येतं. नोझलसमोर पांढरा टिश्यू धरून मिनिटभर हवा सोडा, ठिपके दिसतील. फिल्टर लावा.

तुम्ही दुकानांच्या पाट्यांसाठी सनबोर्डही कापता, असं प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय. हात जोडून सांगतो, बंद करा. बाजारात सनबोर्ड म्हणून मिळतो तो बहुतेक पीव्हीसी फोम असतो. लेसरने पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि हवेतल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. ते आरशांचं कोटिंग खातं, रेल गंजवतं आणि तुमच्या फुप्फुसात जातं. रेक्झिनचंही तेच. असं काम रोज करणाऱ्या एका मुलाच्या मशीनचे आरसे मी पाहिलेत. वर्षभरात त्यांची चकाकी जाऊन त्यांच्यावर पिठूळ थर आला होता. त्याचा खोकला मला जास्त काळजीचा वाटला. पाटीसाठी ॲक्रिलिक घ्या, किंवा सनबोर्ड राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या मशीनवर, कापून घ्या.

आरसे पुसताना ते कशाचे आहेत ते ओळखा. मॉलिब्डेनमचे करडे, धातूसारखे आरसे दणकट असतात, नीट घासले तरी चालतात. सोन्याचा मुलामा दिलेले सिलिकॉनचे आरसे नाजूक, त्यांना लेन्ससारखंच जपा.

स्वच्छता झाली की अलाइनमेंट. मास्किंग टेपचे दोन थर दुसऱ्या मिररच्या तोंडावर लावा, काचेला चिकटवू नका. गँट्री पूर्ण मागे नेऊन कमी पॉवरचा एक छोटा ठिपका मारा. मग गँट्री पूर्ण पुढे आणून त्याच टेपवर दुसरा. दोन ठिपके एकावर एक पडले पाहिजेत. सरकले तर पहिल्या मिररचे स्क्रू. ते जुळले की टेप हेडच्या तोंडावर लावा, हेड डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दुसरा. सरकले तर दुसऱ्या मिररचे स्क्रू. स्क्रू पाव फेरीपेक्षा जास्त एकदम फिरवू नका. शेवटी टेप नोझलखाली लावा. ठिपका भोकाच्या मधोमध आणि गोल हवा. एका बाजूने चापट असेल किंवा शेजारी पुसट सावली पडत असेल तर किरण नोझलच्या आतल्या भिंतीला घासतोय. तुमच्याकडे हेच निघेल असा माझा अंदाज आहे, आणि उजवीकडे पुढे गेल्यावर ठिपका अर्धाच उरत असेल. टेपच्या धुराने आरसे पुन्हा घाण होतात, शेवटी परत पुसा.

फोकसबद्दल थोडक्यात. तुमची ५०.८ मिमी फोकल लांबीची लेन्स असेल तर एक-दोन मिलिमीटरचा फरकही कटिंगला जाणवतो. पावसाळ्यात एमडीएफ कोपऱ्यांवर उचलतो, आणि तुमचा नेमका कोपराच अडतोय. त्याला लोहचुंबकाने दाबून ठेवा आणि चारही कोपऱ्यांत नोझलपासूनचं अंतर ठोकळ्याने मोजा.

इतकं सगळं झाल्यावर ट्यूब. ती खरंच किती देते हे मोजता येतं आणि त्यासाठी महागडा पॉवर मीटर लागत नाही. मी ॲल्युमिनियमचा ६ बाय ६ बाय २ सेंमीचा ठोकळा कापून घेतला, काळा ॲनोडाइझ करून घेतला आणि बाजूने भोक पाडून मल्टिमीटरचा तापमानाचा प्रोब थर्मल पेस्ट लावून आत बसवला. ठोकळा साधारण १९५ ग्रॅमचा होतो, आणि तो एक अंश तापायला सुमारे १७५ ज्यूल लागतात. त्यावर ३० सेकंद किरण मारायचा आणि तापमान स्थिर झालं की किती अंश वाढले ते बघायचं. वाढ गुणिले ५.८ बरोबर वॉट. १० अंश वाढले तर ५८ वॉट. ॲनोडायझिंगऐवजी साधा काळा रंग मारू नका, तो पेटतो. थोडी उष्णता हवेत जाते, त्यामुळे आकडा किंचित कमी येतो. पण आपल्याला तुलना हवी असते, आणि तुलनेला हा ठोकळा फार इमानी आहे.

दोन ठिकाणी मोजा. आधी हेडखाली, लेन्स आणि नोझल दोन्ही काढून. नोझल ठेवलं तर त्याचं भोक मूळ किरणाला कापतं. मग ट्यूब आणि पहिल्या मिररच्या मध्ये. दोन्ही वेळा करंट तोच, पाण्याचं तापमान तेच. मिलीअँपिअर आणि अंश दोन्ही लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. ट्यूबपाशी ६५ आणि हेडखाली ६० मिळाले तर वाट स्वच्छ आहे. ट्यूबपाशी ६५ आणि हेडखाली ४५, तर नवी ट्यूब टाकून तुम्ही फक्त जास्त पॉवर वाटेत जाळाल. आणि २० मिलीअँपिअरला, २० अंशांच्या पाण्यावर, ट्यूबपाशीच ४० आले, तर विक्रेत्याचं म्हणणं बरोबर होतं.

ट्यूब म्हातारी झाल्याच्या आणखी दोन खुणा. चालू असताना आतला प्रकाश बघा. निरोगी ट्यूबमध्ये तो गुलाबी-जांभळा आणि एकसारखा असतो. पांढुरका पडला, मध्ये हेलकावे घेतोय असा दिसला, तर आतला वायू बिघडलाय. दुसरी खूण, पहिल्या मिररच्या जागी ॲक्रिलिकचा जाड तुकडा धरून दोन-तीन सेकंद मारा. खड्डा गोल आणि मधोमध खोल हवा. मध्ये उंचवटा आणि भोवती कडं, किंवा दोन वेगळे खड्डे पडले, तर किरणाचा आकारच बिघडलाय. अशी ट्यूब वॉट थोडेफार देते, पण ते एका बिंदूत येत नाहीत. मात्र याआधी ट्यूबच्या पुढच्या काचेवर धूळ किंवा डाग नाही ना ते टॉर्चने बघा. धूळ असेल तर मशीन पूर्ण बंद करून अल्कोहोलच्या बोळ्याने हलकेच पुसा. मी तीन ट्यूबा तरी अशा परत उभ्या केल्यात.

साध्या काचेच्या ट्यूबला दोन वर्षं हे काही कोवळं वय नाही. दिवसाला आठ तास चालत असेल तर ती थकलेली असणंही शक्य आहे, शिवाय दोन उन्हाळे गरम पाण्यावर गेलेत. माझा अंदाज विचाराल तर अलाइनमेंट नक्की, पाणी जवळजवळ नक्की, लेन्सवर सनबोर्डची शिक्षा असण्याची शक्यता मोठी, आणि ट्यूब थोडी उतरलेली पण हंगाम काढून देईल इतकी जिवंत.

शेवटी नवी ट्यूब घ्यावीच लागली तर पाठीवरच्या स्टिकरवरची तारीख आधी विचारा. ट्यूब गोदामातही म्हातारी होते, हेलियम हळूहळू निसटतच असतो, त्यामुळे वर्षभर पडून असलेली ट्यूब नवीन म्हणून घेऊ नका. खोकं वाहतूकवाल्यासमोर उघडा, आतल्या काचेच्या नळीला तडा नाही ना बघा. बसवल्या दिवशीच २० मिलीअँपिअरला ठोकळ्याची वाढ किती, पाण्याचं तापमान किती, हे मार्करने मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. शेजारी ४ मिमी एमडीएफचा त्या दिवशी कापलेला तुकडा दोऱ्याने बांधा, त्यावर टक्के आणि स्पीड लिहून.

रविवारी टेपचे ठिपके मारलेत की चारही कोपऱ्यांचे फोटो आणि मीटरचे आकडे पाठवा, कुठला स्क्रू किती फिरवायचा ते त्यावरून सांगतो.